आगाऊ आभार

इंग्रजी अर्जाची शेवटची ओळ ठरलेली असते: ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’. दाखला हवा असो, नळजोडणी हवी असो की चार दिवसांची रजा, साहेबांनी पाकीट फोडायच्या आत त्यांचे आभार मानून मोकळं व्हायचं. मराठीत अशा आभारांना आगाऊच म्हणावं लागेल, दोन्ही अर्थांनी. काम होणार हे गृहीत धरलं की समोरच्याला नाही म्हणायची चोरी. नम्रपणे मारलेली कोपरखळीच ती.

पण ‘अँटिसिपेट’ या शब्दाच्या मुळाशी ही ओळ अगदी इमानी आहे. लॅटिनमध्ये ‘आन्ते’ म्हणजे आधी आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणं, पकडणं. ‘कॅप्चर’ त्याच घराण्यातला. म्हणजे हा वाट बघत बसण्याचा शब्द नव्हेच, आधी जाऊन गाठण्याचा आहे. पाऊस येईल असं वाटणं हे एक्स्पेक्ट. गच्चीवरचं वाळवण उचलून आत आणणं हे अँटिसिपेट. बोलण्यात हा फरक केव्हाच पुसला गेला, शब्दकोशांनीही दोन्ही अर्थ पदरात घेतले. जुन्या वळणाचे काही संपादक अजून तिथे लाल पेन चालवतात. माझं मत त्यांच्या बाजूला.

व्याकरण मात्र पुसलेलं नाही. ‘आय एक्स्पेक्ट टू गेट’ चालतं, ‘आय अँटिसिपेट टू गेट’ चालत नाही. अँटिसिपेटपुढे नाम घाला, ‘गेटिंग’ घाला, नाहीतर ‘दॅट’ लावून अख्खं वाक्य जोडा. ‘अँटिसिपेट इन ॲडव्हान्स’ हा तर पिवळा पीतांबर. आणि ते धोकादायक वाटत असेल म्हणून ‘लुक फॉरवर्ड टू’कडे वळलात, तर तिथे वेगळा खड्डा: ‘टू’ दिसला की हात आपोआप ‘हिअर’ लिहितो. हवं असतं ‘हिअरिंग’. शंका आली तर त्या जागी ‘युवर रिप्लाय’ ठेवून बघा. नाम बसलं, की आयएनजीही बसतं.

या शब्दाची खरी चलती कोर्टात. अँटिसिपेटरी बेल, म्हणजे अटकपूर्व जामीन. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३८, १ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८२. गुन्हा अजामीनपात्र हवा, अर्ज सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात. एफआयआर नोंदलेला असलाच पाहिजे असं नाही, पण नुसती धाकधूक पुरत नाही. अटक होईल असं मानायला कारण दाखवावं लागतं. गंमत अशी, की आदेश हातात पडला तरी जामीन अजून मिळालेला नसतो. ‘अटक केल्यास जामिनावर सोडावे’ एवढंच त्यात असतं, म्हणजे तो लागू होतो अटकेनंतर! सर्वोच्च न्यायालयानेच १९७६मध्ये या नावाला चुकीचं नाव म्हटलं होतं. आपण ‘अटकपूर्व’ म्हणून ती चूक जशीच्या तशी मराठीत आणली.

क्रिकेटमध्ये ‘अँटिसिपेशन’ शोभतं. भारताचे एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय, बॅटच्या सावलीत उभे राहायचे. तिथे चेंडू बघून मग हलायचं म्हटलं तर तो केव्हाच निघून गेलेला असतो. २७ कसोटींत ५३ झेल. १९७१मध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर इंग्लंडच्या ॲलन नॉटचा झेल त्यांनी पुढे झेपावून घेतला, तेव्हा शब्दातलं ते ‘कापेरे’ शब्दशः घडलं.

आनुवंशिकीतही हा शब्द आहे, आणि तिथे पकडणारे आपण नसतो. हंटिंग्टनच्या आजारात, म्हणजे मेंदू हळूहळू पोखरणाऱ्या एका आनुवंशिक आजारात, एका जनुकातली सीएजी ही तीन अक्षरं वाजवीपेक्षा जास्त वेळा लिहिली जातात. ४० किंवा त्याहून जास्त वेळा झाली, की सामान्य आयुर्मान जगणाऱ्याला आजार होतोच. वडिलांकडून पुढे जाताना ही संख्या बऱ्याचदा वाढते, आणि संख्या जितकी मोठी तितका आजार लवकर. बापाला पन्नाशीत आलेली लक्षणं मुलाला पस्तिशीतही दिसू शकतात. डॉक्टर याला अँटिसिपेशनच म्हणतात. रक्ताची एक चाचणी आधीच बरंच काही सांगू शकते. धोका असलेले बहुतेक लोक ती करून घेत नाहीत.