कोजागिरीचं दूध आटेपर्यंत 'वर की खाली'

कोजागिरीच्या दुधाला घाई चालत नाही. शंभर माणसांना दीडशे मिलीचा पेला धरला तर पंधरा लिटर लागतं. आटून तेवढं उरायला अठरा लिटर तरी चढवावं लागतं. साडेसातला भट्टी पेटली तरी जायफळ-केशर पडून पेले फिरायला साडेदहा होतात. नाशिकच्या कॉलन्यांमधल्या मंडळांची कोजागिरी म्हणजे या तीन तासांचं काय करायचं, याचीच काळजी. भेंड्या व्हायच्या, हाऊजी व्हायची, संगीत खुर्चीत कुणातरी वहिनींचा पाय मुरगळायचा. ज्या मंडळांत 'वर की खाली' हा प्रश्न आणि पत्त्यांचा खेळ आला, तिथे मात्र दूध उतू जायला लागलं तरी भट्टीपाशी माणूस सापडायचा नाही.

नुसती प्रश्नमंजूषा गच्चीवर टिकत नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत सगळी उत्तरं एकटे निवृत्त मास्तर देतात, त्यांची टीम टाळ्या वाजवते आणि बाकीचे मोबाईल काढतात. नुसते पत्ते म्हणावेत, तर शंभर जणांनी बघत बसावं असं मेंढीकोटात काही नसतं. दोन्ही एकत्र बांधले की रंग भरतो. प्रश्नाला अंदाज लागतो, पत्त्यांना नशीब लागतं, आणि या दोन्हींत मास्तर आणि सातवीतली मुलगी बरोबरीला येतात. कल्पना मूळची अमेरिकी टीव्हीवरची, १९७८ सालातली. आपल्या गच्चीवर येईपर्यंत तिच्यातले डॉलर गळून चिंचोके आले.

खेळ असा. चार टीम, प्रत्येकी सहा जण. एका वेळी दोन टीम समोरासमोर, असे दोन सामने आणि मग अंतिम. प्रश्नाचं उत्तर नेहमी आकडाच असतो. पहिली टीम आकडा सांगते. खरं उत्तर त्याच्या वर आहे की खाली, एवढंच दुसरीने सांगायचं. दुसरीचं बरोबर निघालं तर पत्ते तिला, चुकलं तर पहिलीला. पहिलीचा आकडा नेमका निघाला तर प्रश्नच मिटला, पत्ते तिचे. प्रत्येक टीमची पाच पालथ्या पानांची आपापली ओळ असते. पहिलं पान उघडायचं, नको असेल तर एकदाच बदलायचं, मग पुढचं वरचं की खालचं ते सांगत पाचव्यापर्यंत जायचं. चुकलं की पुन्हा पहिल्या पानावर, नवी पानं लागतात आणि समोरच्या टीमला तिच्या ओळीवर संधी मिळते. मध्येच 'थांब' म्हणता येतं: मग तिथवरचं पक्कं, पुढे चुकलं तरी त्या पानाच्या मागे जावं लागत नाही. पाचवं पान आधी गाठेल ती टीम जिंकली.

टीम विंगप्रमाणे पाडू नयेत. पार्किंगची भांडणं स्टेजवर येतात. चिठ्ठ्या टाकाव्यात, फक्त प्रत्येक टीममध्ये एक साठीच्या पुढचं आणि एक बाराच्या आतलं माणूस येईल एवढं पाहावं.

आता प्रश्न, कारण खरी मेहनत इथेच आहे. सगळ्यांत रंगतात ते 'आपल्याच शंभर जणांना विचारलं' या जातीचे. वर्गणी मागायला घरोघर फिरतानाच दहा हो-नाहीचे प्रश्न छापलेली चिठ्ठी द्यायची, नाव न घालता भरून घ्यायची. व्हॉट्सअॅपवर पोल टाकला की आकडे सगळ्यांना दिसतात आणि खेळ तिथेच संपतो. चिठ्ठ्या पन्नासच आल्या तर दुप्पट करून शंभर दाखवू नयेत. 'पन्नासपैकी किती' असंच विचारावं, हिशोब करणारे काका प्रत्येक मंडळात असतात. ज्याचं उत्तर शंभरात २० ते ८०च्या बाहेर जातं तो प्रश्न टाकून द्यायचा, कारण 'साखर घालून चहा पिता का' याला ९१ आले तर 'खाली' म्हणायला कुणी धजतच नाही.

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारलेले किती, हा प्रश्न नाशिकमध्ये कधी फुकट जात नाही. जुन्या गावातून कॉलनीत आलेली घरं आणि बाहेरून आलेली घरं यांचे अंदाज लांब पडतात. दुसरा हमखास प्रश्न: यंदा गोदेला पाणी आल्यावर नदीपात्रातला दुतोंड्या मारुती (पुराचं माप त्याच्यावरूनच धरतात) कुठवर बुडाला हे बघायला स्वतः गेलेले किती? एक टीम चाळीस म्हणते, समोरून "खाली!" येतं, आणि मागून एक काकू उठतात, "अहो, आमच्याच मजल्यावरचे आठ होते की!" लगेच दुसरा मुद्दा निघतो, पुलावरून गाडी हळू करून बघितलेलं धरायचं का? सूत्रसंचालकाने हा वाद अर्धा मिनिट चालू द्यावा, मग चिठ्ठीवरचे शब्द जसेच्या तसे वाचावेत. चिठ्ठीत 'स्वतः जाऊन' लिहिलेलं असेल तर वाद मिटतो. नसेल तर दूध आटेपर्यंत मिटत नाही.

सामान्य ज्ञानाचे आकडेही घ्यावेत, पण निम्म्याहून कमी. गोदावरीची लांबी किलोमीटरमध्ये (१४६५), साल्हेरची उंची मीटरमध्ये (१५६७), कळसूबाईची (१६४६), काळाराम मंदिराचा सत्याग्रह कोणत्या साली सुरू झाला (१९३०). कळसूबाईचा प्रश्न 'महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर' असाच विचारावा. 'नाशिक जिल्ह्यातलं' म्हटलं की शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचे पाहुणे उभे राहतात. शब्द जपून वापरले नाहीत तर उत्तर बरोबर असूनही भांडण होतं. कुसुमाग्रजांना ज्ञानपीठ 'कोणत्या वर्षी मिळालं' विचारलं तर जाहीर कधी झालं, हातात कधी पडलं असे फाटे फुटतात. 'कोणत्या वर्षीचं' विचारलं की १९८७, विषय संपला. सगळ्यांत छान प्रश्न फाळक्यांचा: त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला तेव्हा त्यांचं वय काय? जन्म ३० एप्रिल १८७०, चित्रपट ३ मे १९१३. म्हणजे ४३ पूर्ण होऊन तीनच दिवस. जन्मसाल माहीत असलेलाही तारीख माहीत नसेल तर ४२ की ४३ यात अडकतो. पांडवलेणीच्या किंवा सप्तशृंगीच्या पायऱ्या मात्र विचारू नयेत. प्रत्येकाने स्वतः मोजलेल्या असतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो.

चोवीस प्रश्न तयार ठेवले की सोळा-सतरा लागतात.

पत्ते मोठे हवेत. ए-फोर आकाराच्या जाड कार्डशीटवर बावन्न पानं छापून घ्यायची आणि मधलं नक्षीकाम सोडून अंक व चिन्हच मोठं करायचं. दर तीन मीटरला अडीच सेंटिमीटर असा अक्षराच्या उंचीचा हिशोब धरला तर पंधरा मीटरवरच्या शेवटच्या रांगेसाठी साडेबारा सेंटिमीटर लागतात. लॅमिनेशन करू नये, हॅलोजनच्या उजेडात पान आरसा होतं आणि राणी आहे की राजा ते कळत नाही. त्याहून वाईट चूक म्हणजे पाठ तशीच पांढरी ठेवणं. मागून उजेड आला की पालथ्या पानातून चौकटची दश्शी स्वच्छ दिसते, आणि ती पहिल्यांदा लहान पोरांनाच दिसते. पाठीला काळा किंवा गडद निळा कागद चिकटवावा, दिवा समोरून लावावा. दोन फळ्यांना खाली काठ ठोकून त्यावर पानं उभी करायची आणि वरून कपड्यांचे चिमटे लावायचे. ऑक्टोबरात गच्चीवर वारा असतोच.

एवढी मोठी पानं हातात पिसता येत नाहीत. सतरंजीवर पालथी पसरून दोन मुलांना मिनिटभर कालवायला लावायची आणि मग गोळा करायची. जोकर आधी काढले का, हे दोघांनी बघायचं.

एक्का सगळ्यांत वरचा, हे सुरुवातीलाच दोनदा सांगावं, कारण रमी खेळणाऱ्यांच्या डोक्यात तो खालीही असतो. बरोबरीचं पान आलं तर चूक धरायची. आता गणित बघा: अठ्ठी उघडली तर उरलेल्या ५१ पानांत २४ वरची, २४ खालची, ३ बरोबरीची, म्हणजे यासारखं वाईट पान नाही. सत्तीवर 'वर' म्हटलं तर २८ पानं साथ देतात, दश्शीवर 'खाली' म्हटलं तर ३२, राणीवर ४०, राजावर ४४. म्हणून पहिलं पान छक्की ते दश्शीमधलं असेल तर बदलावं. पण हे गणित टीमला आधी समजावून सांगू नये. राजावर 'खाली' म्हणावं आणि एक्काच निघावा, यावर जी ओरड होते ती गणित शिकवून येत नाही. प्रेक्षक "वर! वर!" ओरडतात ते ओरडू द्यावेत, निर्णय मात्र कप्तानाने पाटी उचलून द्यायचा. पाटीच्या एका बाजूला हिरवा बाण वर, दुसऱ्या बाजूला तांबडा खाली. "मी खाली म्हणालो होतो" हे पाटी आल्यावर बंद होतं.

एक सामना वीस-पंचवीस मिनिटांचा. साडेआठला सुरू केलं तर प्रश्नांची बोलाबोली दहाच्या आत उरकते, आणि ते उरकायलाच हवं: रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. अंतिम विजेत्यांचा शेवटचा डाव माइकशिवाय होतो, त्यात प्रश्न नसतात, पाट्या आणि पानं पुरतात. टीमला पन्नास चिंचोके द्यायचे आणि पाच पानांवर पैज लावू द्यायची: बरोबर आलं तर लावलेल्याच्या दुप्पट हातात, चुकलं तर लावलेले गेले, आणि शेवटच्या पानावर निम्मे तरी लावलेच पाहिजेत. सगळे लावत, जिंकत गेलं तर पन्नासाचे सोळाशे होतात. तेवढे चिंचोके कुणाच्या घरात नसतात, म्हणून पुढचा हिशोब फळ्यावर. नाणी ठेवायचा मोह टाळावा. स्टेजवर पत्ते बघूनच दोन-तीन आजोबांच्या कपाळाला आठ्या पडलेल्या असतात, त्यात पैसे दिसले तर पुढच्या वर्षीची वर्गणी अवघड. बक्षीस स्टीलचे डबे. प्रत्येकाला एक, म्हणजे सहा एकसारखे. लहानमोठे आणले की घरी जाताना तुलना होते.

गुण लिहायला दोघं बसवावेत, स्पर्धकांच्या घरातले नकोत. आणि त्याच रात्री, पेले गोळा होण्याआधी, पानं मोजून घ्यावीत. छपाईच्या वेळीच चार कोरी, पाठ चिकटवलेली पानं जास्तीची करून ठेवलेली असली तर हरवलेल्या सत्तीपायी पुढच्या वर्षी सगळा कॅट पुन्हा छापावा लागत नाही.