टिंग!

आजची अख्खी दुपार टायगर टँकच्या (दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा) मॉडेलच्या मडगार्डांनी खाल्ली. स्केल १:३५. किटमधलं प्लास्टिकचं मडगार्ड मिलिमीटरभर जाड, म्हणजे खऱ्या टँकवर साडेतीन सेंटिमीटर! साधा पत्रा तो, चिलखत नव्हे. म्हणून ते कापून टाकलं आणि फोटो-एच्ड (रसायनाने कोरून काढलेल्या पातळ पत्र्याचं) पितळेचं बसवलं. पितळ आधी ज्योतीवर धरून नरम केलं, नाहीतर घडी घालताना ताठून बसतं.

इंजिनावरच्या जाळ्या झकास बसल्या. त्या पाहून जरा जास्तच फुशारलो बहुतेक. कारण पुढे आला अवजारं धरायचा क्लॅम्प. तिळाएवढा, आणि तोही तीन तुकड्यांचा! (हे डिझाइन करणाऱ्याने स्वतः कधी जोडून पाहिलं असेल?) चिमट्यात धरला, श्वास रोखला, आणि टिंग! गायब.

वीस मिनिटं टॉर्च घेऊन जमिनीवर लोळलो. सापडला कुठे? माझ्याच कोपराला चिकटलेला. कोपर कधीतरी सुपरग्लूच्या थेंबात टेकलं होतं. सोलून काढला, क्लॅम्प आणि थोडी कातडीसुद्धा.

लावलाय आता. किंचित तिरका आहे, पण राहू दे. उजव्या बाजूचे अजून चार बाकी आहेत.