मार्जिन कुठे गेलं?

मंगळवार, रात्री उशिरा

आज वेबपान बनवताना दोन तास एका मोकळ्या जागेच्या मागे होते. निळी चौकट, तिच्यात एक शीर्षक. शीर्षकाच्या वर जरा जागा सुटावी म्हणून ३० पिक्सेल मार्जिन दिलं. जागा सुटली, पण चौकटीच्या बाहेर. अख्खी निळी चौकटच खाली सरकली आणि शीर्षक तसंच वरच्या कडेला चिकटलेलं. ४० केलं, ६० केलं, चौकट आणखी खाली. आकडे वाढवून काही होणार नाही हे कळत होतं, तरी हात थांबत नव्हता.

शेवटी पुस्तक काढलं आणि थेट मागची सूची उघडली. 'मार्जिन'खाली बारीक टाइपात बऱ्याच नोंदी, त्यात एक 'कोलॅप्स'. त्या पानावर उत्तर होतं. एकाखाली एक असलेल्या घटकांच्या उभ्या मार्जिनांची बेरीज होत नाही. वरच्याचं ३० आणि खालच्याचं २० असेल, तर मधे ५० नाही, ३० च राहतात. मोठं असेल ते टिकतं. आणि बाहेरच्या चौकटीला वरून पॅडिंग (कडेच्या आत सोडलेली जागा) किंवा बॉर्डर (कडेची रेघ) नसेल, तर आतल्या पहिल्या घटकाचं मार्जिन चौकटीच्याच मार्जिनात मिसळून बाहेर पडतं. चौकटीला १ पिक्सेल पॅडिंग दिलं, रिफ्रेश केलं. निळा रंग शीर्षकाच्या वर आला. इतका आनंद झाला की उगाच आणखी दोनदा रिफ्रेश केलं.

हे असं का ठेवलं असेल, यावर बराच वेळ विचार करत बसले. परिच्छेदांकडे पाहिल्यावर पटलं. प्रत्येकाला वर-खाली सारखंच मार्जिन असतं. बेरीज झाली असती तर दोन परिच्छेदांमधलं अंतर दुप्पट आणि पहिल्याच्या वर, शेवटच्याच्या खाली एकपट. मजकूर विस्कटलेला दिसला असता. म्हणजे नियम चौकटींसाठी नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे.

माझा घोळ शब्दाचाही होता. मार्जिन म्हटलं की माझ्या मनात वहीचा समास येतो, आणि समास पानाच्या आत असतो. सीएसएसचं, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचं, मार्जिन चौकटीच्या बाहेर. आत जे सोडायचं ते पॅडिंग.

सुरुवातीला मी ही जाडजूड पुस्तकं कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचायला घेतली होती. टॅगांची (पानाचे भाग सांगणाऱ्या खुणांची) यादी, प्रत्येकाचे गुणधर्म, खालच्या तळटीपा. आठवडाभरात वाचलेलं सगळं पुसलं जायचं. संदर्भग्रंथ तसा वाचायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता आधी पान बनवते, ते बिघडतं, मग बिघाड घेऊन पुस्तकाकडे जाते. असं गेलं की पाऊण पान पुरतं, आणि ते लक्षात राहतं.

कोड मात्र पुस्तकातून बघून हातानेच टाइप करते. कागदावरून कॉपी करता येत नाही, ही मला सोयच वाटते. परवा एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला, तर ती ओळ आणि तिच्या खालचीही, दोन्ही ब्राउझरने गुपचूप सोडून दिल्या. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. तेव्हापासून नजर आधी ओळीच्या शेवटी जाते.

माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत. जुन्यात पानाची मांडणी टेबलांनी केलेली, अंतर सोडायला एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवलेलं. सोबत २१६ 'सुरक्षित' रंगांचा तक्ता, कारण तेव्हा कित्येक पडद्यांवर एकावेळी २५६ च रंग दिसत. लाल, हिरवा, निळा यांच्या सहा-सहा पायऱ्या घेतल्या की २१६. आज यातलं काही वापरायचं नाही. सीएसएसची पहिली अधिकृत शिफारस १९९६ च्या डिसेंबरातली, आणि ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांत पान मांडायची सीएसएसची सोय, मोठ्या ब्राउझरांत येईतो २०१७ उजाडलं. मधली वीस वर्षं माणसांनी काय खटाटोप करून दोन रकाने शेजारी उभे केले, ते या जुन्या पुस्तकात दिसतं. ते वाचूनच मला ग्रिड कशासाठी आहे हे समजलं. म्हणून ते रद्दीत टाकवत नाही.

रुंदीचा हिशेबही त्यातच नीट कळला. रुंदी ३००, दोन्ही बाजूंना २० पॅडिंग, ५ बॉर्डर, की चौकट ३५० ची होते. काही जुने ब्राउझर हे सगळं ३०० मध्येच धरायचे. आता बॉक्स-सायझिंगमध्ये बॉर्डर-बॉक्स लिहून आपणच तसं सांगू शकतो, आणि मला तीच पद्धत सरळ वाटते.

छापील पुस्तकात एक गोष्ट मिळत नाही. खिडकीची कड ओढून अरुंद केली की रकाने कसे खाली घसरतात, ते चित्रात दिसत नाही. त्यामुळे पुस्तक मांडीवर आणि ब्राउझरचं इन्स्पेक्ट (पानामागचा कोड दाखवणारी खिडकी) शेजारी उघडं, असंच बसावं लागतं.

झोपण्याआधी नव्या पुस्तकात सापडलं की १ पिक्सेलची युक्ती नको असेल तर चौकटीला डिस्प्ले फ्लो-रूट द्यायचं, आतलं मार्जिन आतच राहतं. करून पाहिलं, राहिलं. जुन्या पुस्तकात कोलॅप्सच्या पानाच्या समासात पेन्सिलीने 'फ्लो-रूट' लिहून ठेवलंय. उद्या तेच चौकटीच्या खालच्या बाजूला करून बघायचं.