कूस बदलायची वही

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

आज धाकटीच्या शाळेच्या डायरीत, बाईंच्या 'गृहपाठ अपूर्ण' या शेऱ्याखाली, मी लिहून ठेवलं: 'सकाळी ६, डावी कूस. लघवी १५० मिली.' वर सहीसुद्धा केली. ती बिचारी तशीच घेऊन गेली. संध्याकाळी डायरी पुढे धरून म्हणाली, "आई, हे आजीच्या वहीतलं आहे ना?" बाईंनी त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी त्या पानाकडे बघतच राहिले.

सासूबाईंना अर्धांगवायू होऊन १४ महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, एक 'बरं बरं' तेवढं उरलं. दुखलं तरी बरं बरं, भूक लागली तरी बरं बरं. कुठलं कशाचं, ते मला आता सुरावरून कळतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि मग जखम धरते. पातळ पाण्याने ठसका लागतो, म्हणून पेज दाटसर, अर्धा अर्धा चमचा, हनुवटी खाली करून. एका वाटीला ४० मिनिटं. नेमकी तेव्हाच मोठ्याची रिक्षा येते.

परवा त्या घास तोंडात धरून बसल्या आणि मी ओरडले, "गिळा ना आता!" त्यांनी डोळे मिटले. माझ्या दोन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू करून घालणारी, पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालणारी ही बाई. माझी मायाच आटली की काय, म्हणून रात्री रडले. माया आहे तिथेच आहे. १४ महिन्यांत सलग चार तास झोप नाही, ते आता अंगावर येतंय.

याला बर्नआउट म्हणतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तो शब्द फक्त नोकरीधंद्याच्या कामापुरता आहे. आयुष्यात इतरत्र वापरू नये, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. वाचून फार लागलं. ज्याला पगार नाही, रजा नाही, ते कामच नाही का? सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरच्यांची देखभाल करतात, दिवसाला साधारण १४० मिनिटं, पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं. आमच्याकडेही तसंच. नवरा वाईट नाही. औषधं आणतो, डॉक्टरांशी बोलतो. पण गजर माझ्या उशाशी असतो.

डायरी मिटली आणि नणंदेला फोन लावला. "ताई, महिन्यातले दोन शनिवार-रविवार तुम्ही या. माझ्याच्यानं आता होत नाही."
"अगं, पोरांच्या परीक्षा..."
"माझ्याही पोरांच्या आहेत, ताई."
बघते म्हणाल्या. एवढं तरी मी बोलले.

नवऱ्याला म्हटलं, दोनचा आणि चारचा गजर आजपासून तुझ्या मोबाइलवर. खांद्याखाली हात कसा घालायचा, गुडघा आधी कसा दुमडायचा, दोन पायांत उशी कुठे ठेवायची, सगळं दाखवलं. दहा वाजता त्यानं एकट्यानं केलं. वहीत त्याच्या अक्षरात नोंद आहे: 'उजवी कूस. आई बरं बरं म्हणाली.'

धाकटीचा सातचा पाढा राहिलाच. झोपली ती. सकाळी पेज भरवताना म्हणून घेईन.