ई.टी. परत आला, आता त्यानं काय करायचं?

मी सांगलीत मुलांची नाट्यशिबिरं घेते. मे महिन्यात विश्रामबागेतल्या एका शाळेचा हॉल मिळतो, पंखे गरम हवाच फिरवत असतात आणि दहा ते चौदा वयाची पोरं सकाळपासून स्टेजवर ताबा मिळवून बसलेली असतात. यंदाच्या शिबिरातला एक दिवस मला लिहून ठेवायचाय. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ या सिनेमाचा दुसरा भाग यावा का, या प्रश्नावर माझं मत फार पूर्वीच ठरलेलं होतं: येऊ नये. त्या दिवशी पोरांनी ते माझ्यासमोर तासन्‌तास उलटंपालटं करून तपासलं.

आदल्या दुपारी खिडक्यांना चादरी लावून, प्रोजेक्टरवर आम्ही सगळ्यांनी मिळून सिनेमा बघितला होता. इंग्रजी ज्यांना जड जात होतं त्यांना मी मधेमधे मराठीत सांगत होते, पण सांगावं फारसं लागलं नाही. पृथ्वीवर चुकून मागे राहिलेला परग्रहवासी ई.टी., आणि त्याला घरात लपवून शेवटी त्याच्या यानापर्यंत पोचवणारा दहा वर्षांचा एलियट, अशी ती गोष्ट. १९८२ चा हा सिनेमा मी शिबिरात मुद्दाम दाखवते. त्यात कॅमेरा बराचसा पोरांच्याच उंचीवर असतो. एलियटची आई सोडली तर मोठ्या माणसांचे चेहरे कितीतरी वेळ दिसत नाहीत. दिसतात ते पाय, टॉर्चचे झोत आणि एकाच्या कमरेला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा. शिवाय स्पीलबर्गनं शूटिंग बरंचसं गोष्टीच्या क्रमानंच केलं. म्हणजे निरोपाचा प्रसंग आला तोवर एलियट आणि त्याच्या भावंडांचं काम करणारी तिन्ही मुलं खरोखरच ई.टी.च्या त्या बाहुल्यासोबत राहिलेली होती. एलियटचं काम करणाऱ्या हेन्री थॉमसच्या आणि त्याची धाकटी बहीण झालेल्या चिमुकल्या ड्रू बॅरीमोरच्या डोळ्यांतलं पाणी बघताना हे कळतं. अभिनय शिकवायला यापरता चांगला धडा माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गट पाडले आणि सांगितलं, “यान गेलं. आता पुढचा प्रवेश तुम्ही बसवा. दहा मिनिटांचा.” तालमीसाठी नेहमी देते तसलाच हा व्यायाम.

पहिल्या गटात सगळे धट्टेकट्टे मुलगे होते. एकानं गुडघे वाकवून अंगावर घोंगडं ओढलं, तो ई.टी. झाला. पडदा उघडल्यावर मिनिटभरात यान उतरलं, ई.टी. बाहेर आला, एलियट धावत गेला, मिठी मारली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मग सगळं थांबलं. घोंगड्यातला मुलगा वाकलेल्या गुडघ्यांवर तोल सांभाळत उभा, एलियट त्याचा हात धरून उभा, बाकीचे पोरं विंगेतून डोकावतायत. शेवटी घोंगड्यातूनच दबक्या आवाजात प्रश्न आला, “ताई, आता ह्यानं काय करायचं?”

मी काहीच बोलले नाही. नाटक अडलं की नटांनीच वाट काढायची, हा माझा नियम आहे. त्यांनी आपापसात कुजबुज केली आणि दुसरं यान उतरवलं. त्यातून दुष्ट परग्रहवासी निघाले. त्यांनी एलियटला आणि त्याच्या मित्रांना बाकाला बांधलं, छळ सुरू केला, मुलांनी ई.टी.ला हाका मारल्या आणि ई.टी.नं येऊन सगळ्यांना सोडवलं. मारामारी मात्र झकास बसवली होती.

ते बघताना माझ्या अंगावर काटा आला, आणि तो मारामारीमुळे नव्हे. सिनेमा लागून जेमतेम महिना झाला असताना, जुलै १९८२ मध्ये, स्पीलबर्ग आणि पटकथाकार मेलिसा मॅथिसन यांनी दुसऱ्या भागाचा एक आराखडा लिहून काढला होता. त्यात दुष्ट परग्रहवासी पृथ्वीवर उतरतात, एलियट आणि इतर मुलांना पकडून त्यांचा छळ करतात आणि मुलं मदतीसाठी ई.टी.ला बोलावतात. सांगलीतल्या या पोरांनी त्याबद्दल अवाक्षरही ऐकलं नव्हतं, तरी ती पंधरा मिनिटांत तिथेच जाऊन पोचली.

मी हे सांगितल्यावर गटाची छाती फुगली. लगेच पुढचा प्रश्न आला, “मग त्यानं काढला का नाही?”

काढला नाही, कारण स्पीलबर्गलाच पटलं नाही. दुसऱ्या भागानं पहिल्याचं पावित्र्य हिरावलं जाईल, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. तेव्हाचा सर्वांत जास्त कमाई करणारा सिनेमा त्याच्या हातात होता. तो विक्रम मोडायला १९९३ चा ‘जुरासिक पार्क’ यावा लागला, तोही त्याचाच. म्हणजे पैसा समोर दिसत असताना हा माणूस नाही म्हणाला. त्याला दुसऱ्या भागांचं वावडं होतं असंही नाही. ‘जुरासिक पार्क’चा दुसरा भाग त्यानं स्वतः केला, इंडियाना जोन्सचे चार सिनेमे केले. हाच एक त्यानं अडवला, आणि अडवण्याचा तो अधिकार आपल्याला झगडून मिळवावा लागला, असं त्यानं जाहीरपणे सांगितलंय.

इथे मागच्या रांगेतला एक चष्मेवाला मुलगा उठला. त्याला थोरल्या भावानं ‘टर्मिनेटर’चे पहिले दोन भाग दाखवलेत. “ताई, दुसरा भाग पहिल्यापेक्षा भारी असतो की! मग ई.टी.चा का नको?”

पोराचा मुद्दा बिनतोड होता आणि त्याला टोलवून लावणं मला शोभलं नसतं. १९९१ चा दुसरा ‘टर्मिनेटर’ खरंच थोर आहे. मी त्याला पहिल्याचा शेवट आठवायला सांगितला. सारा कॉनर गरोदर आहे, जीपमधून निघालीये, समोर वादळ येतंय. मूल जन्मायचंय, युद्ध व्हायचंय. तिथे गोष्टीनंच काम शिल्लक ठेवलंय. आपल्याकडचं उदाहरण घ्या, म्हटलं. ‘कोई मिल गया’मधला जादू जाताना रोहितला शक्ती देऊन जातो. त्या शक्तीचं पुढे काय झालं, हे विचारायला जागा राहते, म्हणून ‘क्रिश’ येतो, तो चांगला की वाईट हा भाग वेगळा. ई.टी. काय देऊन जातो? काहीच नाही. उलट टवटवीत झालेली फुलांची कुंडी सोबत घेऊन जातो. एलियटच्या कपाळाला बोट लावून मी इथेच असेन म्हणतो आणि दार बंद होतं. गोष्टीनं मागे काही शिल्लक ठेवलेलं नाही. शिल्लक राहते ती आपल्या मनातली हुरहुर, आणि हुरहुरीला कथानक नसतं.

चष्मेवाला खाली बसला, पण त्याला पटलेलं नव्हतं. त्याच्या भुवयांवरून कळत होतं.

मग दुसरा गट आला. यांनी यान थेट सांगलीतल्या, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी उतरवलं. साल २०१९, ऑगस्ट. शिबिरातली पोरं तेव्हा बालवाडीत, पहिली-दुसरीत होती, पण कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं ते आठवडे सांगलीत कोणी विसरलेलं नाही. निळी ओढणी घेऊन चार मुली पाणी झाल्या आणि हॉलभर पसरत आल्या. एक कुटुंब बाकांवर चढलं. ई.टी.नं बोट वर केलं, ओढणी मागे सरकली, पाणी ओसरलं.

प्रवेश सुरेख बसला होता. टाळ्या सुरू होणार तोच पाणी झालेल्या मुलींपैकीच एक, हातातली ओढणी तशीच धरून म्हणाली, “पण तो आला नव्हता ना. आम्हाला बोटीतून काढलं.”

तिच्या गटातल्या मुलानं तिला गप्प करायचा प्रयत्न केला. मी त्याला थांबवलं. ती चिडून बोलत नव्हती, नुसतं सांगत होती. त्यांचं घर गावभागात आहे. त्यांना कोणत्या बोटीतून नेलं, बोटीत कोण कोण होतं, आजीनं देव्हाऱ्यातला गणपती पदरात कसा बांधून घेतला होता, सगळं तिनं सांगितलं. मग विचारलं, “आमच्या प्रवेशात बोटवाला नाहीच?” गटानं दहा मिनिटं मागून घेतली आणि बोटवाला घातला. ई.टी. काढून टाकला. मी सुचवलं नव्हतं. दोघांना एकाच बाकावर जागा होईना, असं त्यांनी कारण दिलं.

दुसऱ्या भागाची भीती मला नेमकी कशाची वाटते, ते मला त्या मुलीमुळे नीट कळलं. पहिल्या सिनेमात ई.टी. कुणाची संकटं निवारायला आलेला नाही. तोच हरवलेला आहे, भ्यालेला आहे, आजारी पडतो. वाचवतात ती पोरं, तीही सायकलींवर बसून. परत आणलात तर त्याला तारणहार करावंच लागतं, कारण नुसतं भेटायला आलेल्या पाहुण्यावर दोन तासांचा सिनेमा उभा राहत नाही. तसं तो एकदा भेटायला आलाही होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीनं चारेक मिनिटांची जाहिरात केली, त्यात मोठा झालेला हेन्री थॉमस आहे, त्याची बायको-मुलं आहेत आणि नाताळात ई.टी. येऊन जातो. मी ती बघून रडलेय. पण ती चारच मिनिटं टिकते, आणि तेवढीच टिकायला हवी होती.

हे बोलणं चालू असताना हरिपूरहून येणारी एक मुलगी म्हणाली, “कृष्ण पण गोकुळात परत आला नाही. उद्धवाला पाठवलं.” तिचे आजोबा कीर्तन करतात. मी विचारलं, मग कृष्णाची गोष्ट संपली का? ती म्हणाली, “छे! पुढची मथुरेत झाली.”

तिचा गट तिसरा होता. त्यांच्या प्रवेशात ई.टी. नव्हताच, पहिल्यापासूनच. स्टेजवर एक टेबल, मागे पाठमोरा माणूस. तो चालला की खळखळ आवाज येतो. शाळेच्या शिपाईमामांकडून हॉलच्या किल्ल्या मागून आणून त्यांनी त्या मुलाच्या पट्ट्याला अडकवल्या होत्या. सिनेमातला तो किल्लीवाला एलियटला सांगतो की मी दहा वर्षांचा असल्यापासून याची वाट बघतोय. मुलांनी ते बरोबर पकडलं होतं. एक लहान मुलगी धावत येते, तिला परसात काहीतरी दिसलंय. किल्लीवाला वळतो. ती त्याला म्हणते, “एलियटकाका, कुणाला सांगू नका हं.” मोठा झालेला एलियटच किल्लीवाला झालाय. तो कमरेच्या किल्ल्या सोडवतो, टेबलावर ठेवतो, म्हणजे आवाज होणार नाही, आणि तिच्या उंचीला येण्यासाठी गुडघ्यांवर बसतो.

एवढाच प्रवेश. परसात काय आहे ते दाखवलं नाही. हा दुसरा भाग कुणी काढला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाईन. पण काढणार कोण? पोस्टरवर ई.टी. नसेल तर पैसे घालायला कुणी पुढे येणार नाही, आणि पोस्टरवर आला की तो घोंगड्यातल्या पोरासारखा काय करू म्हणून विचारत उभा राहणार. स्पीलबर्ग आता ऐंशीच्या घरात आहे. त्याच्यानंतर हा नकार कोण सांभाळणार, याची मला खरंच काळजी वाटते.

समारोपाच्या कार्यक्रमात आम्ही तिसरा प्रवेश केला, आणि पुराचाही, बोटवाल्यासकट.

चष्मेवाल्याला मी एक काम दिलं होतं. दुसरा भाग लिहायला घे, दुसऱ्या पानावर ई.टी. येऊ दे, आणि तिसऱ्या पानावर तो काय करतो ते मला सांग. त्यानं वही आणली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘ई.टी.ला घरी जायचंय. या वेळी एलियट पण जातो.’

मी म्हटलं, अरे, तो प्रश्न पहिल्यातच सुटलाय. ई.टी. त्याला ‘ये’ म्हणतो आणि एलियट ‘थांब’ म्हणतो. दोघांनाही कळतं की जमणार नाही.

“ताई, तेव्हा तो दहा वर्षांचा होता,” तो म्हणाला. “आता मोठा झालाय. आता त्याला कोण अडवतंय?”

त्याची आई, मी म्हटलं. त्याची मुलं. त्यावर तो म्हणाला, मुलांना पण न्यायचं. आम्ही हॉलला कुलूप लागेपर्यंत भांडत होतो, आणि वही त्यानं चौथं पान लिहायला परत नेलीये.