युरियाच्या क्रीमला अमोनियाचा वास

टाचांच्या क्रीमचा नमुना प्रयोगशाळेत माझ्याकडे आला, तो टिकाऊपणाच्या चाचणीसाठी 40 अंश सेल्सिअसच्या कपाटात तीन महिने राहून. झाकण फिरवलं आणि अमोनियाचा भपका आला. बनवताना 5 असलेला पीएच (आम्लतेचा अंक; 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) 8 च्या वर गेला होता, क्रीम पातळ पडलं होतं.

क्रीममध्ये युरिया 10 टक्के. या प्रमाणात तो पाणी धरून ठेवतो. 20 टक्क्यांपुढे कडक कातडी सोलवटायला लागतो. पण पाण्यात तो हळूहळू विघटित होतो, अमोनिया सुटतो आणि पीएच चढत जातो. उष्णतेत हे फारच वेगानं होतं.

त्या घाण्याची, म्हणजे एका वेळी बनवलेल्या क्रीमची, नोंद मागवली. युरिया 75 अंशांच्या पाण्यात टाकलेला होता! असं का होतं तेही कळतं: युरिया विरघळताना पाणी गारढोण होतं, विरघळणं मंदावतं, मग माणूस आच वाढवतो. खरं तर 100 ग्रॅम क्रीममागे 15 ग्रॅम पाणी आधीच बाजूला काढायचं, त्यात 10 ग्रॅम युरिया कोमट पाण्याइतक्याच उबेवर विरघळवायचा आणि क्रीम 40 अंशांच्या खाली आलं की मिसळायचा.

मला जास्त काळजी वाटली ती सोडियम बेंझोएटची. हे परिरक्षक आम्लात काम करतं. पीएच 8 ला ते असून नसल्यासारखं. म्हणजे वास सहन केला तरी बुरशीला दार उघडंच. घट्टपणासाठी वापरलेला कार्बोमर अमोनियाच्या क्षारांपुढे टिकला नाही.

नव्या घाण्यात लॅक्टिक आम्ल आणि सोडियम लॅक्टेट घालून पीएच 4.5 ला बांधला. लॅक्टेट त्वचेच्या नैसर्गिक आर्द्रताधारकांपैकीच एक, म्हणून पीएच बांधणाऱ्या सायट्रेटपेक्षा मला ते इथे आवडतं. मात्र इतक्या क्षारात कार्बोमर चालत नाही, 0.4 टक्के झँथन गम घेतला, आधी ग्लिसरीनमध्ये भिजवून, नाहीतर गुठळ्या होतात. शिवाय 1 टक्का ट्रायअ‍ॅसिटिन. ते सावकाश फुटून अ‍ॅसेटिक आम्ल देतं, अमोनिया शमवतं आणि मागे ग्लिसरीनच उरतं. जास्त घातलं तर व्हिनेगरसारखा वास येतो.

तेलाच्या भागात पेट्रोलियम जेली वाढवली. ओढलेलं पाणी कोरड्या हवेत उडून गेलं तर युरियाचा उपयोग काय? नमुने पुन्हा 40 अंशांवर ठेवलेत. पीएच दर आठवड्याला मोजला जाईल, 5 च्या वर गेला तर सूत्र परत टेबलावर.