घारापुरीचा घटलेला आकडा

घारापुरीत घरोघर तपासणी करायची असेल तर वार सोमवारच धरावा लागतो. त्या दिवशी लेणी बंद असतात, गेटवेवरून पर्यटकांच्या लाँची येत नाहीत, आणि एरवी सकाळपासून पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना काकड्या, कैऱ्या, ताक, टोप्या, माळा मांडून बसणारी माणसं घरी सापडतात. बाकीच्या दिवशी शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तिन्ही गावांत दारं वाजवली तर बहुतेक म्हातारी माणसंच भेटतात. वार निवडण्याची ही गोष्ट साधी दिसते, पण बेटावर मधुमेहाचा दर किती निघणार हे तिच्यावर ठरतं. मंगळवारी गेलं की धंद्यावर बसलेली चाळिशीची धडधाकट माणसं सुटतात, घरातली थकलेली तेवढी भेटतात आणि दर उगाच फुगतो.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी करायची, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग. आशाताई आधी सीबॅकचा, म्हणजे आजाराचा धोका किती हे गुणांनी मोजणारा फॉर्म भरतात: वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात आईवडिलांना आजार होता का. गुण 4 च्या वर गेले की त्या माणसाला आधी बोलवायचं. घारापुरी उरण तालुक्यात, वस्ती हजार-बाराशेच्या आसपास, म्हणजे दोन-चार फेऱ्यांत सगळं बेट तपासून होईल असं कोणालाही वाटेल. माझ्या कामातल्या सगळ्यात अवघड जागांपैकी ही एक आहे.

ज्या सोमवारची हकिकत सांगते आहे, त्याच्या आधी दुसऱ्या फेरीचे कागद माझ्या टेबलावर आले होते. पहिल्या फेरीपेक्षा साखर वाढलेल्यांचा दर चांगलाच खाली आला होता. बैठकीत सगळ्यांना आनंद झाला, गोळ्या नियमित गेल्या, जनजागृती फळाला आली वगैरे बोलणं झालं. मला तो आकडा पचला नाही. मधुमेह बरा होऊन यादीतून निघून जाणारा आजार नाही. औषध नीट चाललं तर साखर काबूत येते, पण माणूस मधुमेही म्हणूनच मोजला जातो. उलट उपचार चांगले मिळाले तर माणसं जास्त जगतात आणि एकूण रुग्णांचा दर वाढतो. तो एवढ्या थोड्या काळात खाली यायचा असेल तर रुग्ण कुठेतरी गेलेले असले पाहिजेत.

नेमके आकडे मी इथे लिहिणार नाही. एवढ्याशा गावात "पन्नाशीच्या आतल्या, इन्सुलिनवर असलेल्या बायका: 2" असं लिहिलं की त्या दोघी कोण हे धक्क्यावरचं पोरसुद्धा सांगेल. पुढे जी माणसं येतील त्यांच्याही खुणा बदलल्या आहेत.

तर त्या सोमवारी उरणच्या बाजूने गावच्या होडीने मी आणि आमचा तंत्रज्ञ बेटावर उतरलो. धक्क्यावर आशाताई उभ्या होत्या, हातात दोन्ही फेऱ्यांची रजिस्टरं. मी म्हटलं, "ताई, आज मशीन नंतर काढू. आधी तुम्ही मला 'उपलब्ध नाही' वाचून दाखवा."

दुसऱ्या फेरीत जे भेटले नव्हते त्यांच्यापुढे हाच शेरा होता. नियमाप्रमाणे जो तपासला नाही तो रुग्णांतही धरत नाहीत आणि एकूणांतही. कागदावर तो माणूस सरळ नाहीसा होतो. आशाताई झाडाखालच्या कट्ट्यावर बसल्या आणि एकेक ओळ वाचत गेल्या. एकाही ओळीवर त्या अडल्या नाहीत. हे काका पनवेलला मुलीकडे, पायाची जखम भरत नव्हती, रोज ड्रेसिंगला कोण होडीने नेणार. या मावशी मुंबईला भावाकडे, डोळ्यांचे लेझर चाललेत. हे दादा नोकरीला नवी मुंबईत, त्यांना काही नाही. ही आजी गेली, श्रावणात. हे डायलिसिसला, उरणला खोली घेतली आहे.

मी पहिल्या फेरीचं रजिस्टर मांडीवर घेऊन तीच नावं शोधत होते. बेट सोडून गेलेल्यांत पोटापाण्यासाठी गेलेले तरुण होतेच. पण चाळिशीच्या पुढचे जे गेले होते, त्यांतल्या बहुतेकांच्या नावापुढे पहिल्या फेरीत लाल खूण होती. साखर, बीपी, किंवा दोन्ही. दर कशामुळे उतरला ते त्या कट्ट्यावरच कळलं.

बेटावर रुग्णालय नाही. आजार साधा असतो तोवर माणूस इथे राहतो. तो बळावला, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागलं, जखम चिघळली, की होडी, मग रिक्षा, मग रांग आणि तेच उलटं परत येणं, हे झेपत नाही. पावसाळ्यात तर समुद्र ठरवणार होडी सुटायची की नाही. मग ज्याचं जवळचं कोणी काठावर आहे तो तिकडे जातो. जो आजार आम्ही मोजायला आलो होतो, तोच माणसांना बेटावरून उठवत होता, आणि आमच्या तक्त्यात त्याची नोंद सुधारणा म्हणून होत होती.

डायलिसिसवाल्यांच्या घरी आम्ही गेलो. बाई एकट्याच होत्या, दुसऱ्या दिवशीच्या धंद्यासाठी माळा ओवत बसलेल्या. नवरा उरणला मुलाबरोबर खोलीत, या इथे, कारण पायऱ्यांवरची जागा सोडली तर खोलीचं भाडं कुठून भरायचं. त्यांना पाच मिनिटं शांत बसवून बीपी घेतला. 170 च्या वर. थोड्या वेळाने परत घेतला, जवळपास तेवढाच. गोळ्या आहेत का विचारलं तर डबा काढून दाखवला. डोकं जड झालं की एक घेतात. संपल्या की आणायला एक दिवस जातो, आणि गर्दीच्या मोसमातला एक दिवस म्हणजे काय ते मला त्यांनी हिशेब करून सांगितलं. मग माझ्या हातातल्या रजिस्टरकडे बघून म्हणाल्या, "मी हाय यादीत? आनि तो?"

आशाताईंनी सांगितलं की ते इथे राहत नाहीत म्हणून नाव वगळलंय.

"घर त्याचाच हाय ना? मंग नाव का नाय?"

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर आहे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलेला माणूस रहिवासी धरायचा नाही, अशा व्याख्या असतात आणि त्या कामाच्याही असतात. पण त्या व्याख्येने या बेटाचा सगळ्यात जड आजार बेटाच्या हिशेबातून काढून टाकला होता. काठावरच्या आरोग्य केंद्राच्या हिशेबातही तो माणूस नव्हता, कारण त्यांच्या लेखी तो घारापुरीचा. मी त्यांच्यासमोरच नाव परत लिहिलं. पुढे लिहिलं, "उरण, उपचारासाठी."

दुपारपर्यंत असंच चाललं. आम्ही तपासत होतो ते जिवंत, हजर लोक, आणि आशाताई सांगत होत्या ते गेलेले. एका घरात उलटंच सापडलं. एक आजी, रेशनकार्ड सुनेच्या माहेरच्या पत्त्यावर, म्हणून कुठल्याच फेरीत नव्हत्या. मिश्री लावण्याची अनेक वर्षांची सवय. तोंड उघडून बघितलं तर गालाच्या आतून पांढरा चट्टा. टॉर्च धरून मी दोनदा पाहिला. त्यांना तिथल्या तिथे पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली आणि सुनेला सोबत कोण जाणार, कुठल्या होडीने, कोणत्या खोलीत जायचं, हे लिहून दिलं. नुसती चिठ्ठी दिली तर ती देवाच्या फोटोमागे राहते, हे मी बऱ्याच गावांत पाहिलं आहे.

तिथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती रक्ताच्या नमुन्याची. रक्त नुसतं बाटलीत ठेवलं तरी पेशी त्यातली साखर खात राहतात. तासाला साधारण 5 ते 7 टक्के घट होते. करड्या बुचाच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड असतं, ते ही घट थांबवतं, पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. सकाळी उपाशीपोटी घेतलेला नमुना उन्हात होडीने जाऊन दुपारी प्रयोगशाळेत पोचला तर 126 च्या, म्हणजे उपाशीपोटी साखरेच्या मधुमेह ठरवणाऱ्या सीमेच्या, काठावरचा माणूस आरामात निरोगी ठरू शकतो. म्हणून आम्ही बर्फाचा डबा नेतो, जागेवर ग्लुकोमीटरने पाहतो, आणि शंका असेल त्याचं एचबीए1सी करतो. त्याला प्रवास बाधत नाही आणि तीन महिन्यांची सरासरी कळते. ज्या बेटावर समुद्राखालच्या केबलने कायमची वीज 2018 साली पोचली, तिथे या गोष्टी सोप्या धरून चालत नाहीत. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. फ्रिज येण्याआधी इन्सुलिन ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात सांभाळायचे, हे एका काकांनी मला मडक्याची जागा दाखवून सांगितलं.

परतीची होडी यायला वेळ होता तेव्हा मी कट्ट्यावर बसून नवा तक्ता मांडला. गेलेल्यांना त्यांच्या आजारासह परत धरलं की घट जवळजवळ पुसली जात होती. वयाचा हिशेब लावला की चित्र आणखी बदलत होतं. तरुण कामाला बाहेर पडतात म्हणून मागे उरलेलं गाव वयाने मोठं होतं आणि दर वर जातो. आजारी उपचाराला बाहेर पडतात म्हणून दर खाली येतो. दोन्ही ओढी एकाच वेळी चालू असतात. वयानुसार प्रमाणित दर, म्हणजे दोन्ही फेऱ्यांत वयाची रचना सारखी धरून दर, काढला की पहिली ओढ निस्तरते. दुसरी कुठल्याही सूत्राने निस्तरत नाही, त्यासाठी कोण कुठे गेलं हे माहीत असलेली बाई लागते. हे वाक्य मी पुढे अहवालातही लिहिलं, जरा सरकारी भाषेत.

बैठकीत एकाने विचारलं की आपण नमुना घेतलेला नाही, सगळं बेटच तपासलं, मग अनिश्चितता कसली? मी उदाहरण दिलं. समजा 100 जण तपासले आणि 14 जणांना मधुमेह निघाला. संख्याशास्त्र सांगतं की खरा दर साडेआठ ते बावीस टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. पुढच्या वर्षी 10 निघाले तर साडेपाच ते साडेसतरा. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले, त्यातून घट सिद्ध होत नाही. आणि ते 14 चे 10 व्हायला चार घरं बंद असणं पुरतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचा दर 11.4 टक्के आला. तिथे लाखाहून अधिक लोक तपासले होते, चार घरांनी काही हलत नाही.

मोठ्या बेटांचाही इतिहास मी सांगितला. पॅसिफिकमधल्या नाऊरूवर 1975 च्या पाहणीत तिथल्या प्रौढांपैकी साधारण तिसरा हिस्सा मधुमेही निघाला आणि जग हादरलं. पुढच्या पाहण्यांत दर उतरलेला दिसला, तेव्हाही अभ्यासकांना तो का उतरला हे आधी शोधावं लागलं. मॉरिशसचं उदाहरण वेगळं. तिथे 1987 च्या पाहणीनंतर सरकारने शिधावाटपाच्या तेलातलं पाम तेल कमी करून सोयाबीन आणलं, आणि 1992 पर्यंत लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे 15 टक्क्यांनी खाली आलं. तिथे आकडा घटला तेव्हा त्याच्यामागे दाखवता येण्याजोगं कारण होतं. आमच्या घटलेल्या आकड्यामागे फक्त कुलूप लावलेली दारं होती.

अहवालात आता टक्केवारी सगळ्यात वर नसते. आधी हजर किती, मग बाहेर गेलेले किती आणि त्यांतले उपचारासाठी किती, मग मृत्यू, आणि त्यानंतर दर, तोही पट्ट्यासकट. काहींना हा तक्ता लांबलचक वाटतो. मी त्यातली एकही ओळ कमी करायला तयार नाही. काठावर गेलेल्यांचे फोन नंबर आशाताईंकडे आहेत, महिन्यातून एकदा त्या विचारपूस करतात, आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये त्यांच्यासाठी वेगळं पान आहे.

माळा ओवणाऱ्या बाईंसाठी तातडीने करायचं होतं ते वेगळंच. त्यांना महिन्याच्या गोळ्या मिळत होत्या, म्हणजे महिन्याला एक दिवस बुडत होता. पुढच्या सोमवारी आम्ही गोळ्या बेटावरच नेल्या. आता जून लागायच्या आत, समुद्र बंद होण्यापूर्वी, बीपी-शुगरच्या प्रत्येक रुग्णाच्या घरात तीन महिन्यांचा साठा पोचला पाहिजे, यासाठी मागणीपत्र मार्चमध्येच पाठवायला लागलो आहोत. त्या पत्रात उरणच्या खोलीतल्या माणसाचंही नाव असतं.